घरच्या टीव्हीसाठी एकच यादी: टीव्हीहेडएंड, थ्रेडफिन आणि जेलीफिन यांच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

सांगलीच्या घरात तीन टीव्ही आहेत आणि तिन्हींवर वाहिन्या वेगवेगळ्या वाटांनी येतात. दिवाणखान्यात डीडी फ्री डिशचा सेट-टॉप बॉक्स आहे, वरच्या मजल्यावरच्या टीव्हीवर वृत्तवाहिन्यांची ॲप आहेत, आणि आईच्या खोलीत कोडी या मीडिया-प्लेअरमध्ये भरलेली एक जुनी एम३यू यादी, म्हणजे वाहिन्यांची नावे आणि दुवे लिहिलेली फाइल, आहे, जिच्यातल्या कित्येक दुव्यांवर आता नुसता काळा पडदा दिसतो. या सगळ्यांच्या जागी घरच्याच सर्व्हरवर एक यादी असावी, ती एकाच ठिकाणी दुरुस्त करता यावी आणि घरातल्या कोणत्याही टीव्हीवर सह्याद्री वाहिनी त्याच क्रमांकावर सापडावी, एवढा या कामाचा उद्देश आहे.

यादीत काय घ्यायचे, याची सीमा आजच ठरवून ठेवतो. प्रक्षेपकाने स्वतः सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या वाहिन्याच यादीत येतील: फ्री डिशवरच्या दूरदर्शनच्या वाहिन्या, संसद टीव्ही, स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्या, आणि आपले थेट प्रक्षेपण इंटरनेटवर मोफत देणाऱ्या डॉइच वेले, एनएचके वर्ल्ड, फ्रान्स २४, अल जझीरा इंग्रजी यांसारख्या वाहिन्या. सशुल्क वाहिन्या नाममात्र पैशांत हजारोंच्या संख्येने देऊ करणाऱ्या याद्या सगळीकडे फिरत असतात. तो चोरीचा माल असतो, आणि त्यातला दुवा आज आहे तर उद्या नाही. त्यांना या सर्व्हरवर जागा नाही.

सर्व्हर म्हणून इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घेतला आहे. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतंत्र कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणारे डॉकर चढवून झाले आहे. रास्पबेरी पाय ४ घरात पडून होता, पण त्याच्या चिपमध्ये एमपेग-२ या पद्धतीचे चित्र उलगडण्याची सोय नाही आणि फ्री डिशवरच्या बऱ्याच वाहिन्या अजून एमपेग-२ मध्येच येतात, त्यामुळे तो विचार सोडला.

१५ जून २०२५

सॉफ्टवेअर लावण्याआधी यादीची घडण नीट ठरवणे आवश्यक वाटले. एम३यू हा मुळात विनॲम्प या संगीत-प्लेअरच्या काळातला साध्या मजकुराचा प्रकार आहे. फाइलच्या पहिल्या ओळीत ‘एक्सटीएम३यू’ ही खूण असते आणि पुढे प्रत्येक वाहिनीसाठी दोन ओळी असतात. त्यांपैकी पहिली ‘एक्सटीइन्फ’ने सुरू होते, तिच्यात उणे एक हा आकडा, म्हणजे प्रक्षेपण अखंड आहे व लांबी ठरलेली नाही, त्यानंतर ‘टीव्हीजी-आयडी’, ‘टीव्हीजी-लोगो’, ‘ग्रुप-टायटल’ आणि शेवटी स्वल्पविरामापुढे पडद्यावर दिसणारे नाव असते. दुसरी ओळ म्हणजे प्रत्यक्ष दुवा. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली की देवनागरी नावेही व्यवस्थित उमटतात.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट टीव्हीजी-आयडी ही आहे, आणि तयार याद्यांमध्ये नेमकी तीच सर्वांत दुर्लक्षित असते. दुवा कधीही बदलतो. नावही बदलते: लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही २०२१ मध्ये एकत्र होऊन संसद टीव्ही झाला. चित्रखूण तर दर काही वर्षांनी नवी येते. अशा वेळी वाहिनीची एक कायमची ओळख ठरलेली नसेल, तर दुवा बदलल्याक्षणी सॉफ्टवेअर तिला नवी वाहिनी समजते, तिचा क्रमांक जातो, कार्यक्रमांच्या गाइडशी असलेली जोडणी सुटते आणि लावून ठेवलेली रेकॉर्डिंगही निकामी होतात. एम३यू याद्या सांभाळणे म्हणजे मुख्यतः ही ओळख सांभाळणे आहे, असे समजूनच पुढची सगळी रचना केली आहे.

ओळखीसाठी नवी पद्धत शोधायची गरज पडली नाही. जगभरातल्या खुल्या दुव्यांची नोंद ठेवणाऱ्या आयपीटीव्ही-ऑर्ग या प्रकल्पात वाहिनीचे नाव, टिंब आणि देशाचा दोन अक्षरी संकेत अशी रीत आहे. त्यानुसार सह्याद्रीची ओळख ‘डीडीसह्याद्री.आयएन’ अशी होते. हीच रीत घेतली. सर्व वाहिन्या एका साध्या सीएसव्ही तक्त्यात लिहिल्या आहेत: ओळख, क्रमांक, मराठी नाव, गट, दुवा, पर्यायी दुवा, गाइडचा स्रोत आणि शेरा. एक छोटी पायथन स्क्रिप्ट या तक्त्यावरून एम३यू फाइल तयार करते. ती फाइल हाताने कधीही बदलायची नाही. बदल नेहमी तक्त्यात होईल.

२२ जून २०२५

आज डिश आणि टीव्हीहेडएंड, म्हणजे ट्यूनरवरच्या वाहिन्या घरच्या नेटवर्कवर देणारे सॉफ्टवेअर. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, जो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सांगलीहून हिशेब केला तर डिशचे तोंड आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १३० अंशांवर, आणि क्षितिजापासून साठ अंशांहून किंचित अधिक उंच ठेवावे लागते. गच्चीवरची जुनी डिश याच दिशेला होती, त्यामुळे तिला हात न लावता एलएनबी (डिशसमोरचा संकेत टिपणारा भाग) तेवढा दोन तोंडांचा बसवला आणि दुसरी केबल खाली सर्व्हरच्या यूएसबी ट्यूनरपर्यंत आणली. दिवाणखान्यातला सेट-टॉप बॉक्स तसाच राहू दिला आहे. नवी व्यवस्था स्थिरावेपर्यंत घरातल्या कोणाचेही काही अडू नये.

टीव्हीहेडएंडमध्ये एलएनबीचा प्रकार ‘युनिव्हर्सल’ निवडला, म्हणजे ९७५० आणि १०६०० मेगाहर्ट्झ या दोन स्थानिक वारंवारिता आपोआप लागू होतात. स्कॅन पूर्ण झाल्यावर वाहिन्यांबरोबर आकाशवाणीची केंद्रेही सापडली. ती वेगळ्या गटात टाकली, कारण टीव्हीच्या यादीत मध्येच रेडिओ आला की रिमोटने पुढे जाणाऱ्याला पडदा बंद पडल्यासारखे वाटते. कूटबद्ध वाहिन्या निवडीतून काढून टाकल्या.

उपग्रहाच्या बाबतीत एक सोय सांगण्याजोगी आहे. एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे उपग्रहाच्या एका प्रक्षेपण-पट्ट्यावर, अनेक वाहिन्या एकत्र येतात, आणि ट्यूनर एकदा त्यावर लागला की त्यांतली कोणतीही वाहिनी, किंवा सगळ्याच, एकाच वेळी पाहता व रेकॉर्ड करता येतात. म्हणून एक ट्यूनर म्हणजे एकच वाहिनी, असा हिशेब धरायचे कारण नाही. अडचण येते ती दोन टीव्हींवर दोन वेगळ्या ट्रान्सपाँडरच्या वाहिन्या हव्या असतील तेव्हाच. तक्त्यात त्यासाठी ट्रान्सपाँडरचा एक रकाना वाढवला आहे.

टीव्हीहेडएंड स्वतःची एम३यू यादी ९९८१ या पोर्टवर देतो. ती जशीच्या तशी पुढे द्यावी, असे कोणालाही वाटेल, परंतु तीत दोन गोष्टी आड येतात. तिच्यातली टीव्हीजी-आयडी ही टीव्हीहेडएंडने आतल्या आत तयार केलेली लांबलचक अक्षरमाला असते, जी नव्याने स्थापना केल्यास बदलते. आणि दुव्यांच्या शेवटी तात्पुरते तिकीट जोडलेले असते, जे काही मिनिटांत बाद होते. त्यामुळे स्क्रिप्ट टीव्हीहेडएंडकडून वाहिनीचा दुवा तेवढा घेते, तिकीट काढून टाकते आणि आपल्या तक्त्यातली ओळख लावते. तिकिटाऐवजी फक्त घरातल्या नेटवर्कच्या पत्त्यांना परवानगी देणारा वापरकर्ता टीव्हीहेडएंडमध्ये तयार केला आहे.

२९ जून २०२५

इंटरनेटवरच्या वाहिन्या आणि उपग्रहाच्या वाहिन्या एकत्र आणण्यासाठी थ्रेडफिन लावले. एक्सटीव्ही या जुन्या सॉफ्टवेअरचे काम थंडावल्यावर त्यातूनच हे निघाले, आणि पोर्टही तेच, ३४४००, ठेवले आहे. टीव्हीहेडएंडमध्येच इंटरनेटच्या एम३यू याद्या भरता येतात, हे खरे. तो प्रत्येक दुव्याला एक स्वतंत्र ट्रान्सपाँडर मानून स्कॅन करतो. तसे करून पाहिल्यावर एचएलएस (इंटरनेटवर तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या) दुव्यांचे स्कॅन फार रेंगाळले आणि चालू असलेल्या वाहिन्याही काही वेळा अपयशी म्हणून नोंदल्या गेल्या. उपग्रहाचे काम टीव्हीहेडएंडने करावे आणि यादी जुळवण्याचे थ्रेडफिनने, ही वाटणी मला अधिक पटली.

थ्रेडफिनमध्ये आधी प्लेलिस्ट, मग गटांनुसार गाळणी, मग गाइडची एक्सएमएलटीव्ही फाइल आणि शेवटी जोडणी, या क्रमाने जावे लागते. जोडणीच्या पानावर प्रत्येक वाहिनीला गाइडमधली तिची नोंद नेमून द्यावी लागते. ज्या वाहिनीचे गाइडच उपलब्ध नाही, तिला ठरावीक लांबीचे कोरे कार्यक्रम देण्याची सोय आहे. स्वयंप्रभाच्या वाहिन्यांना सध्या तासातासाचे कोरे कप्पे दिले आहेत.

स्ट्रीम मध्ये साठवून पुढे देणारा बफर म्हणून एफएफएमपेग हे व्हिडिओ-सॉफ्टवेअर निवडले. याचा प्रत्यक्ष लाभ असा, की खाली आणि वर एकच वाहिनी चालू असली तरी बाहेरून स्ट्रीम एकदाच ओढली जाते आणि घरात दोघांना वाटली जाते. खुल्या वाहिन्यांच्या सर्व्हरवर विनाकारण दुप्पट भार टाकू नये, असे मला मनापासून वाटते. ते आपल्याला फुकट देत आहेत.

६ जुलै २०२५

क्रमांक ठरले: १०१ पासून दूरदर्शन, त्यात १०१ सह्याद्री, २०१ पासून संसद टीव्ही आणि स्वयंप्रभा, ३०१ पासून परदेशी वृत्तवाहिन्या, ७०१ पासून आकाशवाणी, ९०१ घरच्या वाहिनीसाठी राखीव. गटांमध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवली आहे, म्हणजे नवी वाहिनी आल्यावर जुन्यांचे क्रमांक हलणार नाहीत. आईने पहिल्याच दिवशी १०१ आणि ३०१ पाठ केले.

१३ जुलै २०२५

गाइड. एक्सएमएलटीव्ही फाइलमध्ये दोनच प्रकारच्या मुख्य नोंदी असतात: वाहिनी आणि कार्यक्रम. कार्यक्रमाच्या नोंदीत वाहिनीची ओळख, आरंभ व अंत यांच्या वेळा, शीर्षक आणि वर्णन असते. ही ओळख आणि एम३यूमधली टीव्हीजी-आयडी अक्षर न अक्षर सारखी असली की बाकीचे आपोआप जुळते; लहान-मोठ्या लिपीचा फरकही चालत नाही.

परदेशी वाहिन्यांचे गाइड आयपीटीव्ही-ऑर्गच्या गाइड-संकलकाने मिळते. तो नोड-जेएसवर चालतो आणि वाहिन्यांच्या संकेतस्थळांवरील वेळापत्रके वाचून एक्सएमएलटीव्ही फाइल बनवतो. त्याला दिवसातून एकदा, पहाटे, चालवतो. त्याहून अधिक वेळा चालवण्याची गरज नाही. वेळापत्रके तासागणिक बदलत नाहीत.

एका स्रोताकडून आलेल्या फाइलमध्ये मात्र सगळे कार्यक्रम साडेपाच तास पुढे सरकलेले दिसत होते. संध्याकाळी सातचा कार्यक्रम गाइडमध्ये मध्यरात्रीनंतर साडेबाराला होता. फाइल उघडून पाहिल्यावर कारण स्पष्ट झाले. एक्सएमएलटीव्हीमध्ये वेळ वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद अशा चौदा अंकांत सलग लिहितात, आणि त्यापुढे जागा सोडून कालविभाग लिहितात: ‘२०२५०७१३१९०००० +०५३०’. या फाइलमध्ये वेळ भारतीय होती, पण शेवटचा ‘+०५३०’ गाळलेला होता. तो नसला की वाचणारे सॉफ्टवेअर वेळ जागतिक प्रमाणवेळेतली समजते आणि तिच्यात साडेपाच तास मिळवते. स्क्रिप्टमध्ये एक पायरी वाढवली: स्रोतागणिक कालविभाग तक्त्यात लिहिलेला आहे, आणि तो गाळलेला असेल तर जोडला जातो.

सह्याद्रीसाठी वेगळा मार्ग घेतला. माझ्या ट्यूनरवर उपग्रहाच्या प्रवाहाबरोबर उपयोगी पडेल असे गाइड आले नाही, म्हणून रोजच्या ठरलेल्या कार्यक्रमांची एक छोटी फाइल हाताने लिहिली आहे. तिच्यात सर्वांत वर सातच्या बातम्या आहेत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि या बातम्यांची वेळ कित्येक घरांत घड्याळाइतकी पक्की बसलेली आहे. गाइडमध्ये ती नोंद बरोबर दिसली, की बाकीच्या जागा अर्ध्या अर्ध्या तासाच्या कोऱ्या राहिल्या तरी चालतील.

२७ जुलै २०२५

पाऊस लागून राहिला आहे. जोराच्या सरीत उपग्रहाचा संकेत पडतो, चित्र तुकड्यातुकड्यांत फुटते आणि मग जाते. केयू बँडच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, त्यामुळे हा दोष कोणत्याही सॉफ्टवेअरने मिटणारा नाही. उपाय एकच: डिश मोठी करणे. साठ सेंटिमीटरऐवजी नव्वद सेंटिमीटरची डिश बसवली तर संकेतात सुमारे साडेतीन डेसिबलची वाढ मिळते, आणि मध्यम सरी तेवढ्यात निभावून जाव्यात. पावसाळा ओसरल्यावर गच्चीवर काम करता येईल.

तोवर एवढे केले आहे, की संकेत-गोंगाट गुणोत्तर ठरावीक पातळीखाली गेले तर त्या वेळेचे रेकॉर्डिंग ‘पुन्हा हवे’ म्हणून नोंदले जाते. स्वयंप्रभाच्या बाबतीत याचा खरा उपयोग होतो, कारण त्या वाहिन्यांवर रोज निदान चार तासांचा नवा मजकूर आणि त्याचीच दिवसात आणखी पाच वेळा पुनरावृत्ती अशी रचना आहे. एखाद्या सरीमुळे पाठ हुकला तरी तोच पाठ काही तासांनी पुन्हा येतो.

१० ऑगस्ट २०२५

इंटरनेटवरचे दुवे जिवंत आहेत की नाहीत, हे तपासणारी स्क्रिप्ट आज पूर्ण झाली. या कामाकडे मी सर्वांत जास्त लक्ष दिले, कारण यादी बिघडते ती नेहमी हळूहळू, कोणी पाहत नसताना.

सर्व्हरने ‘२००’ हे उत्तर दिले म्हणजे वाहिनी चालू आहे, असे धरणाऱ्या तपासण्या पुरेशा नाहीत. एचएलएस ही ॲपलने २००९ मध्ये आणलेली पद्धत पुढे २०१७ मध्ये आरएफसी ८२१६ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात मुख्य यादीखाली चित्राच्या प्रत्येक दर्जासाठी वेगळी यादी असते, आणि त्या यादीत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे क्रमाने दिलेले असतात. थेट प्रक्षेपणात जुने तुकडे गळत जातात, नवे जोडले जातात, आणि पहिल्या तुकड्याचा क्रमांक, म्हणजेच ‘मीडिया-सीक्वेन्स’, वाढत राहतो. प्रक्षेपण मागे कोठेतरी अडकले तर यादी मिळत राहते, उत्तरही ‘२००’ येते, पण हा आकडा जागचा हलत नाही. प्रेक्षकाला शेवटचे काही सेकंद दिसून चित्र गोठते.

म्हणून स्क्रिप्ट अशी चालते: दर्जाची यादी आणायची, मीडिया-सीक्वेन्स टिपून ठेवायचा, ‘टार्गेट-ड्युरेशन’च्या तिपटीएवढे थांबायचे, यादी पुन्हा आणायची आणि आकडा पुढे सरकला का ते पाहायचे. सरकला असेल तर एक तुकडा उतरवून एफएफप्रोब या तपासणी-साधनाने त्यात चित्र आणि आवाज दोन्ही असल्याची खात्री करायची. निकाल तीन प्रकारचे येतात: चालू, गोठलेली, बंद. लागोपाठच्या तीन फेऱ्यांत निकाल वाईट आला तरच तक्त्याच्या शेऱ्यात नोंद होते आणि मला संदेश येतो. वाहिनी आपोआप काढून टाकण्याची सोय जाणूनबुजून ठेवलेली नाही. प्रक्षेपकाकडे रात्री देखभाल चालू असेल तर सकाळी घरातल्या माणसाला ३०२ क्रमांक रिकामा दिसू नये.

थ्रेडफिनमध्ये प्रत्येक वाहिनीला पर्यायी स्रोत नेमता येतो. ज्या वाहिन्यांचे दोन अधिकृत दुवे आहेत, त्यांना तो दिला आहे. दुवा देताना नेहमी मुख्य यादीचाच दिला आहे, ठरावीक दर्जाचा नाही. खालच्या याद्यांचे पत्ते प्रक्षेपक हवे तेव्हा बदलतात, मुख्य यादीचा सहसा बदलत नाही.

२४ ऑगस्ट २०२५

बुधवारी गणपती बसतात, त्याआधी ९०१ क्रमांक सुरू करायचा होता. घरच्या गणपतीच्या, मुंजीच्या आणि लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी गेल्या वर्षी डिजिटल करून ठेवल्या होत्या, पण फोल्डरमधल्या फाइली उघडून पाहणारे घरात कोणी नाही. एर्झात्झटीव्ही हे सॉफ्टवेअर अशा फाइलींची वेळापत्रकानुसार चालणारी वाहिनी बनवते, आणि तिची एम३यू व एक्सएमएलटीव्ही ८४०९ या पोर्टवर स्वतःच देते. सकाळी आरतीची चित्रफीत, दुपारी लग्नांच्या कॅसेटी, संध्याकाळी जुन्या गणपतींचे चित्रीकरण असे वेळापत्रक लावले.

कॅसेटींचे चित्र एकाआड एक ओळींचे, म्हणजे इंटरलेस्ड, असल्याने हलत्या माणसांच्या कडांना दातेरी रेषा दिसत होत्या. एर्झात्झटीव्हीच्या एफएफएमपेग प्रोफाइलमध्ये डीइंटरलेसिंग चालू केल्यावर त्या गेल्या. एन१००मध्ये व्हिडिओसाठी असलेल्या क्विक सिंक या सोयीमुळे प्रोसेसरवर ताण जवळपास नाही. गाइडमध्ये प्रत्येक कॅसेटीचे नाव आणि वर्ष मराठीत दिसते. फाइलींची नावे त्यासाठीच एकेक करून नीट लिहून घेतली होती, आणि तो वेळ सत्कारणी लागला.

१४ सप्टेंबर २०२५

वीज गेल्यावर काय होते, ते या आठवड्यात पुरेसे पाहायला मिळाले. बायॉसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची निवड केलेली आहे. तरीही सगळे कंटेनर एकाच वेळी उठले, की टीव्हीहेडएंडला यूएसबी ट्यूनर सापडण्याआधीच थ्रेडफिन त्याच्याकडे यादी मागतो, ती कोरी येते आणि १०१ ते १९९ सगळ्या वाहिन्या निष्क्रिय होतात. सगळे कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकर कंपोजमध्ये टीव्हीहेडएंडला आरोग्य-तपासणी जोडली: ट्यूनर हजर आणि यादीत निदान एक वाहिनी, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्यावरच थ्रेडफिन सुरू होतो. शिवाय, नवी एम३यू आधीच्या फाइलीच्या निम्म्याहून लहान असेल तर स्क्रिप्ट तिला पुढे जाऊ देत नाही आणि जुनीच वापरते. राउटर आणि सर्व्हर एकाच इन्व्हर्टरवर घेतले.

२८ सप्टेंबर २०२५

तिन्ही टीव्ही आता जेलीफिन या घरगुती मीडिया-सर्व्हरवर आहेत. जेलीफिनला थ्रेडफिनची एम३यू ट्यूनर म्हणून आणि त्याचीच एक्सएमएलटीव्ही गाइड म्हणून दिली आहे. टीव्हींवर एमपेग-२ थेट चालते, त्यामुळे सर्व्हरला रूपांतर करावे लागत नाही. ब्राउझरमध्ये मात्र ते चालत नाही. लॅपटॉपवर पाहायचे असेल तेव्हा एच.२६४ मध्ये रूपांतर होते आणि तेही क्विक सिंकवरच.

पुतण्या जेईईची तयारी करतो आहे. त्याच्यासाठी स्वयंप्रभावरच्या आयआयटी-पाल या प्रवेशपरीक्षेच्या तयारीच्या कार्यक्रमातल्या भौतिकशास्त्राच्या तासिकांची रेकॉर्डिंग लावली. कोऱ्या तासातासाच्या कप्प्यांवर मालिका-रेकॉर्डिंग चालत नाही, म्हणून वेळेनुसार लावावे लागते, आणि आधी दोन व नंतर दहा मिनिटे जादा ठेवली आहेत.

१२ ऑक्टोबर २०२५

पुण्याच्या चुलतभावाने हीच यादी त्याच्या घरी चालवता येईल का, असे विचारले. तक्ता आणि स्क्रिप्ट त्याला दिल्या; इंटरनेटवरच्या वाहिन्या तो स्वतःच्या जोडणीवरून घेईल आणि दूरदर्शनसाठी स्वतःची डिश लावेल. आमच्या सर्व्हरवरून त्याला स्ट्रीम पाठवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, पण दुसऱ्याचे प्रक्षेपण घराबाहेर पुढे पाठवणे म्हणजे आपणच प्रक्षेपक होणे, आणि तो अधिकार आपल्याकडे नाही. ३४४००, ८०९६, ९९८१ यांपैकी कोणतेही पोर्ट राउटरवर उघडलेले नाही. मला बाहेरून देखभाल करायची असेल तेव्हा वायरगार्ड या सुरक्षित खासगी जोडणीने (व्हीपीएन) आत येतो. सेवादात्याकडून आयपीव्ही-४चा सार्वजनिक पत्ता मिळत नसल्याने ती जोडणी आयपीव्ही-६ वर आहे.

तक्ता, स्क्रिप्ट, कंपोज फाइल आणि हाताने लिहिलेले सह्याद्रीचे गाइड गिट या फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात ठेवले आहे. पासवर्ड वेगळ्या फाइलीत, गिटच्या बाहेर. थ्रेडफिन स्वतःच्या सेटिंगच्या प्रती ठरावीक काळाने काढतो, त्या रात्री दुसऱ्या डिस्कवर जातात. आज जुन्या लॅपटॉपवर कोऱ्या डेबियनपासून सगळे उभे करून पाहिले. ट्यूनर लॅपटॉपला जोडल्यावर स्कॅन नव्याने करावे लागले आणि टीव्हीहेडएंडने प्रत्येक वाहिनीला नवी अक्षरमाला दिली, तरी तक्त्यातल्या ओळखी तशाच असल्याने १०१ वर सह्याद्री, ३०१ वर डॉइच वेले आणि त्यांची गाइडची जोडणी काही न करता जागच्या जागी आली. नव्वद सेंटिमीटरच्या डिशची चौकशी केली आहे. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला की ती बसवायची आणि मगच दिवाणखान्यातला सेट-टॉप बॉक्स काढायचा.